स्वहस्ते छापलेले साहित्य

अर्वाचीन मराठी साहित्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसास लेखकांच्या नामावळीबरोबर संपादकांचीही एक नामावळी निराळी ठेवावी लागते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, हरिभाऊ आपटे, काशिनाथ रघुनाथ मित्र आणि पुढे श्री. पु. भागवत ही नावे वगळून कोणत्या काळी काय लिहिले गेले हे कदाचित सांगता येईल, परंतु काय वाचले गेले हे सांगता येणार नाही. यांपैकी पहिल्या नावाची हकीकत तर आपल्या विषयाच्या अगदी उंबरठ्यावरची आहे. सरकारी शाळेत मास्तरकी करणाऱ्या विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली, तिचा जवळजवळ सारा मजकूर सात-आठ वर्षे एकट्याने लिहिला, आणि कोणा मंडळीची संमती अथवा कोणा धनिकाचा आश्रय यांची वाट पाहिली नाही. ज्यास काही सांगावयाचे आहे त्याने सांगण्याचे साधनही आपल्याच हाती ठेवावे, ही कल्पना मराठीस नवी नव्हती. पुढील पाऊणशे वर्षांत मासिके स्थिरावली, त्यांच्या कचेऱ्या झाल्या, वर्गणीदारांच्या याद्या झाल्या, आणि 'साभार परत' या दोन शब्दांत होतकरू लेखकाच्या भवितव्याचा निकाल लावणारी एक व्यवस्था उभी राहिली. तीत ती कल्पना मागे पडली होती, इतकेच.

१९५५ च्या आगेमागे मुंबईत ती पुन्हा वर आली, आणि पुढील वीसएक वर्षांत लघुनियतकालिक किंवा अनियतकालिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी अंकांनी मराठी साहित्याचे व्यवहार मुळापासून हलविले. चार मित्रांनी पदरचे पैसे घालून काढलेले, बहुधा सायक्लोस्टाइल केलेले, जाहिरातींवाचून निघणारे आणि पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या अंकाअखेर बंद पडणारे असे त्यांचे स्वरूप होते. इतर देशांतही याच सुमारास व याच्या आधी असे उद्योग झाले आहेत. अमेरिकेत विज्ञानकथांच्या शौकिनांनी १९३० पासूनच आपापसांत वाटण्याचे हौशी अंक काढले. सोव्हिएत रशियात सरकारी छापखान्याची मंजुरी न मिळणारे लेखन टंकलेखनयंत्रावर कार्बन लावून प्रतीमागून प्रत काढून फिरविले जाई. आजच्या तरुण मंडळींत 'झीन' या नावाने स्वतः चितारलेली, शिवलेली, वाटलेली जी चोपडी पुन्हा दिसू लागली आहेत, ती याच कुळातली. मात्र मराठीतील या पर्वाची कारणे इथल्याच मातीत शोधावी लागतात, आणि ती शोधताना मुंबई-पुण्याच्या सीमेबाहेर पाहावे लागते, असे माझे मत आहे.

पहिले कारण हस्तलिखितांचे. शाळा-महाविद्यालयांतून वर्षातून एकदा हस्तलिखित अंक काढावयाचा, सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थ्याने तो उतरवावयाचा, चित्रे काढणाऱ्याने मुखपृष्ठ रंगवावयाचे, आणि एकुलती एक प्रत हातोहात फिरवावयाची, ही पद्धत मराठी मुलखात आणि त्याबाहेरील मराठी वस्त्यांत सर्वत्र होती. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. दैनिक, म्हणजे रोज, आणि स्वतःच्या अक्षरात. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे छापील मासिक काढले, आणि १९४८ च्या १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक. एकाच माणसाच्या आयुष्यात एका प्रतीच्या कागदापासून महाराष्ट्रभर जाणाऱ्या साप्ताहिकापर्यंतचा हा क्रम आहे. वाचक थोडे असले तरी नियतकालिक हे नियतकालिकच असते, ही समजूत अशा हस्तलिखितांतूनच दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली.

दुसरे कारण बाहेरगावच्या मराठी माणसांचे, आणि येथे आमच्या इंदूरचा संबंध येतो. होळकरांच्या या राजधानीत मराठी ही दरबाराची, दफ्तराची आणि घरातली भाषा पिढ्यानुपिढ्या होती. १९१७ चे मराठी साहित्य संमेलन गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली इंदुरास भरले. त्याच्या पुढल्याच वर्षी गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून याच शहरात आले. आणि १९३५ साली तर दोन्ही भाषांची संमेलने इंदुरातच झाली, हिंदीच्या अध्यक्षपदी पुन्हा गांधीजी आणि मराठीच्या अध्यक्षपदी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. इतका साहित्यसोहळा असलेल्या शहरात मराठी पुस्तकांच्या प्रकाशनाचा पसारा मात्र मुंबई-पुण्याच्या मानाने नाममात्रच. मान्यता हवी तर हस्तलिखित टपालात टाकून पुण्याच्या अथवा मुंबईच्या उत्तराची वाट पाहावी, नाही तर आपली सोय आपण करावी, एवढे दोनच मार्ग येथील लेखकापुढे होते.

या दुसऱ्या मार्गाचे एक ठळक उदाहरण माळव्यातल्या मराठी मुलांनीच घालून दिले, आणि तेही हिंदीत. गजानन माधव मुक्तिबोध यांची मातृभाषा मराठी. इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते १९३८ मध्ये बी. ए. झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांचा जन्म इंदूरचाच. थोरला हिंदीत गेला, धाकटा मराठीत राहिला आणि 'नवी मळवाट' लिहून मराठी नवकाव्यात आपली जागा करून बसला. एकाच घरातून दोन भाषांस प्रत्येकी एक कवी मिळावा ही गोष्ट माळव्यातच घडावी. गजानन मुक्तिबोध शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनात शिकवीत असता नेमिचंद्र जैन तेथे त्यांच्या संगतीस होते, आणि उज्जैनीस प्रभाकर माचवे होते, त्यांचीही मातृभाषा मराठीच. या मित्रमंडळाचा आणि हिंदी कवी अज्ञेय यांचा मेळ बसून १९४३ मध्ये सात कवींचा 'तार सप्तक' निघाला. त्यामागची तजवीज वाचण्यासारखी आहे. प्रत्येक कवी पुस्तकाचा भागीदार असावा, वर्गणी काढून निदान कागदाचे पैसे उभे करावेत, आणि छपाईचे देणे विक्री होईतो थांबावयास तयार असणारा अथवा पैशांऐवजी छापील प्रतीच घेणारा छापखाना पाहावा, असा तो बेत होता. युद्धाच्या दिवसांत कागद दुर्मीळ झाला असता आणि प्रकाशक नव्या कवितेकडे ढुंकून पाहत नसता हिंदी काव्याचे एक युग अशा सहकारी भांडवलावर सुरू झाले. सायक्लोस्टाइल यंत्र येथे नाही. पण पुढे मुंबईच्या मंडळींनी जे केले त्याचे अर्थशास्त्र येथे पूर्णपणे आहे.

त्याच १९४३ साली बडोद्यास, म्हणजे अशाच दुसऱ्या एका मराठी संस्थानी राजधानीत, पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी 'अभिरुची' मासिक काढले. मर्ढेकरांच्या नव्या कवितेस या मासिकाने आसरा दिला आणि महाराष्ट्राबाहेरून निघूनही मराठी नवसाहित्याचे ते एक प्रमुख पीठ झाले. घरातच मासिकाची कचेरी, लेखकांचा राबता, मुद्रिते तपासण्याचे काम जेवणाच्या पानापर्यंत आलेले, अशा वातावरणात १९३८ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा दिलीप वाढला. १९५१ मध्ये हे कुटुंब मुंबईस आले. ज्या मुलाने मासिक निघताना रोज पाहिले आहे त्यास मासिक काढण्याचे भय वाटत नाही. पुढील घटनांत ही बाब मला महत्त्वाची वाटते.

मुंबईत त्या वेळी 'सत्यकथा' या मासिकाचा अंमल होता. गिरगावातील खटाववाडीत, मौज छापखान्याच्या इमारतीत बसून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाच्या प्रत्येक वाक्यावर, प्रत्येक विरामचिन्हावर जे कष्ट घेत ते मराठीत पूर्वी कोणी घेतले नव्हते, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला त्या काळात नवसाहित्याची बाजू घेऊन उभे राहणारे हेच लोक होते. तथापि क्रांतीला गादी मिळाली की गादीचे म्हणून काही नियम येतात. १९५० नंतर नवकाव्य व नवकथा या प्रतिष्ठित गोष्टी झाल्या, त्यांची एक मान्य भाषा ठरली, आणि चाळींतून, इराण्याच्या हॉटेलांतून, गिरणगावातून आणि खेड्यांतून आलेल्या तरुणांच्या तोंडी असलेली मराठी त्या भाषेत बसेना. त्यांच्यापैकी काहींच्या रचना 'सत्यकथे'नेही छापल्या. पण छापणे न छापणे हे दुसऱ्याच्या हाती असणे हीच त्यांची मुख्य तक्रार होती, आणि दोन-चार कविता स्वीकारल्या गेल्याने ती मिटण्याजोगी नव्हती.

अशा स्थितीत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांचे मित्र यांनी १९५४-५५ च्या सुमारास 'शब्द' सुरू केला. कोलटकर चित्रकार, जाहिरातीच्या धंद्यात शिरलेले. चित्रे तर शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले. अंक सायक्लोस्टाइल केलेला. १९६० पर्यंत, मिळेल तसा आणि जमेल तसा, तो निघत राहिला.

सायक्लोस्टाइलचे हे तंत्र आज पन्नाशीच्या आतल्या माणसास सांगूनच समजेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. लंडनमध्ये कारखाना काढलेल्या डेव्हिड गेस्टेटनर या मूळच्या हंगेरियन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे यंत्र रूढ केले, आणि आमच्याकडे सरकारी कचेऱ्या, शाळा, पेढ्या आणि कामगार संघटना यांच्या कार्यालयांत ते परिपत्रके व प्रश्नपत्रिका काढण्यासाठी आले. मेण चढविलेला एक पातळ कागद, त्यास स्टेन्सिल म्हणत, टंकलेखनयंत्रात घालावयाचा. यंत्राची फीत बाजूस सारावयाची, म्हणजे अक्षराचा खिळा शाईवाचून थेट कागदावर आपटतो आणि तेवढ्या आकाराचे मेण निघून जाते. यासच स्टेन्सिल कापणे असे म्हणत. चूक झाली तर एका उग्र वासाच्या द्रवाने ते छिद्र बुजवून, तो वाळेपर्यंत थांबून, त्यावर पुन्हा अक्षर मारावे लागे. चित्र काढावयाचे झाल्यास बोथट टोकाच्या लेखणीने स्टेन्सिलवर जपून ओरखडावयाचे. जोर अधिक झाला की कागद फाटला, कमी झाला की रेष उमटत नाही. मग ते स्टेन्सिल यंत्राच्या शाई भरलेल्या नळकांड्यावर ताणून बसवावयाचे आणि दांडा फिरवावयाचा. प्रत्येक फेऱ्यास एक पान बाहेर पडे. शाई शोषून घेणारा खरखरीत, पिवळट कागद त्यास लागे. गुळगुळीत कागदावर शाई फरफटे. एका स्टेन्सिलवर शेकडो प्रती निघत, पण अखेरच्या प्रतींवर अक्षरांच्या पोटातील मेण सुटून अनुस्वार आणि मात्रा यांचे काळे ठिपके होत. देवनागरी टंकलेखनयंत्रावर जोडाक्षरे मुळातच अर्धवट. त्यात ही झीज. असा अंक हाती धरणाऱ्या वाचकास कवितेतील एखादा शब्द मजकुरावरून ताडूनच घ्यावा लागे.

या यंत्राचे महत्त्व खर्चाच्या दृष्टीने होतेच. परंतु त्याहून अधिक ते माणसांच्या दृष्टीने होते. खिळ्यांच्या छापखान्यात मजकूर गेला की जुळारी तो वाचतो, मुद्रितशोधक वाचतो, छापखान्याचा मालक वाचतो, आणि कायद्याने त्याचे नाव अंकावर यावे लागत असल्याने वाचून बिचकतो. स्टेन्सिल कापणारा आणि दांडा फिरविणारा मात्र बहुधा लिहिणाराच असे. मधल्या साऱ्या माणसांची गरज संपली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची भीतीही संपली. १९४२ च्या आंदोलनात भूमिगतांनी पत्रके काढली ती याच रीतीने. साहित्यिकांनी ती रीत मागाहून उचलली.

'शब्द' बंद पडल्यावर सूत्रे मुख्यत्वे अशोक शहाणे यांच्याकडे आली. त्यांनी १९६१ मध्ये 'अथर्व' काढला, आणि १९६३ पासून दोनेक वर्षे 'असो'. त्याच १९६३ साली समकालीन मराठी साहित्यावर 'क्ष-किरण' टाकणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि मान्यवरांच्या एकेका मूर्तीस हात घालणाऱ्या त्या लेखाने बरीच खळबळ उडाली. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरीही त्याच वर्षाची. हे दोघे मित्र. एकाने समीक्षेत जे म्हटले ते दुसऱ्याने कादंबरीत करून दाखविले, असे म्हणावयास हरकत नाही. शहाण्यांस बंगालीचा व्यासंग होता, त्यामुळे १९६१ पासून मलय रायचौधुरी प्रभृती बंगाली तरुणांनी चालविलेल्या 'हंग्री' चळवळीची एकेका पानाची पत्रके मुंबईत पोचत होती. अश्लीलतेच्या आरोपावरून १९६४ मध्ये त्या मंडळींची धरपकड झाली. १९६२ साली अॅलन गिन्सबर्ग हा अमेरिकन कवी मुंबईस आला तेव्हा त्याच्याशी संबंध जोडणाऱ्यांतही शहाणे होते. अलाहाबादेस अरविंद कृष्ण मेहरोत्रा या विद्यार्थ्याने १९६५ मध्ये मित्रांसह इंग्रजी कवितेचा असाच एक सायक्लोस्टाइल अंक काढला, आणि पुढे मुंबईस येऊन दुसरा. तात्पर्य, मराठीत चाललेला हा उद्योग एकाकी नव्हता. हिंदुस्थानातील निरनिराळ्या शहरांतील विशी-पंचविशीची मुले एकमेकांचे अंक टपालाने मागवून वाचीत होती.

अनियतकालिक ही संज्ञा का पुढे आली याचे एक व्यावहारिक कारण दफ्तरी आहे. इंग्रजी अमलात झालेला १८६७ चा मुद्रणविषयक कायदा स्वतंत्र हिंदुस्थानातही चालू होता. त्याप्रमाणे ठराविक मुदतीने निघणाऱ्या वृत्तपत्रादिकांच्या मुद्रकाने व प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटापुढे रुजू होऊन जाहीरनामा द्यावयाचा असे. ज्याच्या निघण्यास मुदतच नाही त्यावर हा बडगा चालविणे कठीण. नोंदणी नाही म्हणून टपालाची सवलतही नाही, हा तोटा होता. पण शे-दोनशे प्रतींचा अंक हातोहातच वाटावयाचा असल्याने तो सोसण्यासारखा होता. अर्थात कायदा चुकवावयाचा म्हणूनच अंक अनियमित निघत, असे मात्र कोणी समजू नये; पैसे संपले म्हणून ते बहुतेक वेळा अनियमित निघत.

१९६५ नंतर या अंकांचे अमाप पीक आले. 'वाचा', 'येरू', 'फक्त', 'भारूड', 'टिंब', 'अबकडइ' अशी नुसती नावे पाहिली तरी 'ज्ञानप्रकाश', 'विविधज्ञानविस्तार', 'रत्नाकर' या परंपरेपासून आपण किती दूर आलो हे कळते. चंद्रकांत खोत यांच्या 'अबकडइ'च्या अंकांनी सभ्य वाचकांस धक्के देण्याचा जणू मक्ताच घेतला होता. नेमाडे यांचा 'वाचा' औरंगाबादेहून निघे. लेखकाचा 'लेखकराव' कसा होतो याची मीमांसा करणारा त्यांचा गाजलेला लेख त्याचाच. मराठवाडा हा निजामाच्या अमलातून १९४८ मध्ये सुटलेला प्रांत. तेथील तरुणास मुंबईच्या संपादकाविषयी उपजत आदर असण्याचे कारण नव्हते. मुंबईचे बंड मुंबईबाहेर इतक्या लवकर रुजले याचे मर्म, माझ्या मते, ज्या गावांस प्रकाशक नव्हता त्या गावांच्या जुन्या सवयीत आहे.

या अंकांचा अर्थव्यवहार कोणत्याही हिशेबनिसास रडविणारा होता. किंमत छापली तरी ती वसूल करण्याची यंत्रणा नाही. पुस्तकविक्रेता ठेवून घेईल याची शाश्वती नाही. वर्गणीदार करावे तर पुढचा अंक निघेल याची संपादकालाच खात्री नाही. शिल्लक प्रती घराच्या माळ्यावर जात. तरीही एक अंक निदान पाच-दहा जण वाचीत, कारण तो विकत मिळत नसल्यामुळे उसना घ्यावा लागे. आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्याशी वाद घालावा लागे.

१९६९ साली या असंतोषाने उघड रूप घेतले. राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' हे जळजळीत लिखाण सायक्लोस्टाइल करून वाटले, आणि खटाववाडीत 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी करण्यात आली. 'चक्रवर्ती' नावाचे एक दैनिक लघुनियतकालिकही त्यांनी त्याच वर्षी काही दिवस चालवून पाहिले. अंक जाळण्याचे समर्थन मी करणार नाही. छापील अक्षरास अग्नी देणारा हात पुढे कोणत्या अक्षरास देईल याचा नेम नसतो. परंतु ढाल्यांच्या रागामागे केवळ साभार परत आलेल्या कवितेचा विषाद होता, असे तेव्हा जे म्हटले गेले ते उथळ होते. ढाले दलित समाजातून आलेले, आणि सौंदर्याच्या नावाने चालणाऱ्या निवडीत कोणाची भाषा, कोणाची वस्ती, कोणाचे दुःख सतत बाहेर राहते, हा प्रश्न त्यांनी वाङ्मयीन भांडणाच्या मिषाने विचारला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर औरंगाबादेस आधीच घडत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून गंगाधर पानतावणे यांनी १९६७ मध्ये 'अस्मिता' सुरू केली; तीच लवकरच 'अस्मितादर्श' झाली. ही अनियतकालिकांहून निराळ्या जातीची. त्रैमासिक म्हणून ती दशकानुदशके टिकली, आणि दलित लेखकांची मोठी पिढी तिने घडविली. इकडे मुंबईत ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी १९७२ मध्ये दलित पँथर ही संघटना उभारली. ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह त्याच वर्षी आला. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त अनिल अवचट यांनी संपादिलेल्या 'साधने'च्या विशेषांकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. तो साने गुरुजींच्या साप्ताहिकात यावा याचे अनेकांस तेव्हा नवल वाटले असेल. मला वाटत नाही. सायक्लोस्टाइलच्या अंकांत जी धारदार भाषा दहा वर्षे घोटली गेली ती येथे प्रथमच एका मोठ्या वाचकवर्गापुढे आली.

त्यानंतर ओहोटी लागली. पुष्कळ संपादकांस नोकऱ्या, संसार आणि स्वतःची पुस्तके झाली. चळवळीतले जे सर्वांत धगधगीत होते ते राजकारणात ओढले गेले. १९७५ च्या आणीबाणीत सायक्लोस्टाइल यंत्रे पुन्हा भूमिगत पत्रकांच्या कामी आली, तथापि साहित्यास त्या भरात फारसे काही मिळाले नाही. १९८२ मध्ये 'सत्यकथा'च बंद झाली, आणि ज्याच्याविरुद्ध उभे राहावयाचे तो प्रतिपक्षच उरला नाही.

परंतु सवय उरली. अशोक शहाणे यांनी 'प्रास प्रकाशन' काढले आणि १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' हे पुस्तक त्या नावाने आले. पुस्तक कसे दिसावे, किती रुंद असावे, ओळ कोठे मोडावी, याचा निर्णय कवी आणि त्याचा मित्र असे दोघेच करीत. मोठ्या प्रकाशनसंस्थेत हे चालले नसते. इंग्रजीत १९७६ साली कोलटकर, मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव पटेल या कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही आपली सहकारी संस्था काढली. तिच्यातून निघालेल्या कोलटकरांच्या 'जेजुरी'स पुढल्या वर्षी राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. मुखपृष्ठे कोलटकरांनीच केलेली. वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तके काढणारी 'ग्रंथाली' चळवळ याच दशकातली, आणि दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये तिनेच प्रसिद्ध केले. कोलटकर २००४ मध्ये वारले. 'प्रास'ने काढलेल्या त्यांच्या 'भिजकी वही'स नंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आयुष्यभर मोठ्या प्रकाशकाच्या दाराशी न गेलेल्या कवीचा हा सरकारी सन्मान कोणास विसंगत वाटेल, कोणास विलंबित.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. या अंकांत पुष्कळ टाकाऊ लेखन आले; संपादकाचा धाक नाहीसा झाला तसे संपादनाचे कष्टही काही ठिकाणी नाहीसे झाले. स्त्रियांची नावे फार थोडी आढळतात, आणि शिवराळपणास मर्दुमकी समजण्याची खोड काहींच्या अंगी शेवटपर्यंत राहिली. प्रस्थापितांस झोडपणाऱ्या या मंडळींचे आपले एक निराळे प्रस्थ झाले, हेही खरे. संशोधकाची अडचण आणखी वेगळी आहे. ग्रंथालयांस प्रत पोचविण्याची सक्ती करणारा १९५४ चा कायदा या अंकांपर्यंत पोचलाच नाही; ते वाचावयाचे तर आज कोणा खाजगी संग्राहकाचे कपाट गाठावे लागते, आणि तो पिवळट कागद चिमटीत धरताच तुकडे होऊन पडतो.

माळव्याकडे या साऱ्याचा प्रवाह हिंदीच्या वाटेने वळला. दिलीप चित्रे १९८० नंतर काही काळ भोपाळच्या भारत भवनात होते. इंदुरास शिकलेले व राहिलेले हिंदी कवी चंद्रकांत देवताले यांनी, ज्यांनी मुक्तिबोधांवर प्रबंध लिहिला होता, चित्रे यांच्या कवितांचे हिंदी भाषांतर केले. 'पिसाटी का बुर्ज' या नावाने ते १९८७ मध्ये निघाले. मुक्तिबोधांच्या वेळी माळव्यातील मराठी घरातून एक कवी हिंदीस गेला होता, आता मुंबईची मराठी कविता माळव्यातील कवीच्या हातून हिंदीत आली. इंदुरातील मराठी घरांतल्या नव्या पिढीस चित्रे आणि कोलटकर बहुधा देवनागरीतील हिंदी अथवा इंग्रजी यांच्याद्वारेच भेटतात, ही वस्तुस्थिती आहे, आणि तिच्याबद्दल हळहळत बसण्यापेक्षा देवतालेंचे पुस्तक हाती घ्यावे हे बरे.

या पर्वाचा सर्वांत दीर्घायुषी कागद मात्र अंक नव्हता, ते एक भित्तिपत्रक होते. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता 'प्रास'ने १९८३ च्या सुमारास मोठ्या कागदावर पोस्टर म्हणून छापली. ती १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या पत्रिकेत पुन्हा छापली गेली, फिर्याद दाखल झाली, आणि मामला खालच्या न्यायालयांतून वर चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ मे २०१५ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला. ज्याने ती पत्रिकेत छापली होती त्याने माफी प्रसिद्ध केली होती, म्हणून त्यास आरोपातून मोकळे केले. कवीवरील अश्लीलतेचा आरोप मात्र रद्द करण्यास नकार दिला, आणि पुढील सुनावणीसाठी प्रकरण खाली पाठविले.